खाटेखालचा सत्याग्रही

संयुक्त महाराष्ट्रासाठी चार महिने जेलात काढून बुधाजीदादा घोडपदेवच्या आमच्या खोलीत परतला, तेव्हा सगळ्या चाळीने त्याला हार घातले. त्याची चार वर्षांची दमयंती मात्र वहिनीच्या पाठीमागे लपली, ती आठवडाभर त्याच्याकडे फिरकली नाही.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "खाऊ दाखवू नका, ओढून मांडीवर घेऊ नका. रोज अर्धा तास जमिनीवर बसा आणि ती सांगेल तो खेळ खेळा."

दमीने खेळ निवडला जेलचा. दादा खाटेखाली कैदी, ती फौजदार आणि मी, सख्खा काका, बिनपगारी शिपाई. पहिल्याच दिवशी दादाने सवयीने घोषणा दिली, तर शिक्षा वाढली.

"साहेब, कधी सोडणार?" तो रोज विचारायचा.

"उद्या."

नवव्या दिवशी तिने लाटण्याने खाट वाजवली. "सुटलास. जा घरी."

दादा हात पसरून रांगत बाहेर आला. तिने दाराकडे बोट दाखवलं. कैद्याला पोचवायला मीही गॅलरीत गेलो. तिने आतून दार लोटलं. दादाने कडी वाजवली.

"कोण?"

"मी. बाबा."

आतून उत्तर आलं, "बाबा जेलात आहेत."

"आता काय करू रे?" दादाने मला विचारलं.

"बाईंनी सांगितलंय, ती म्हणेल तसं."

दादाने दार ढकललं आणि मुकाट्याने पुन्हा खाटेखाली जाऊन बसला. दमीने वाकून पाहिलं.

"बघ काका," ती म्हणाली, "आहेत."