मीठ अण्णाचं

आमच्या घरात समुद्र कोणी बघितलेला न्हाई. खटकचिंचोळीत पाणी म्हणलं की विहीर, लई झालं तर कारंजाचं धरण. मासा म्हणलं की मांजरा नदीचा, त्याचे काटे काढता काढता भूक मरून जायची. असली आम्ही माणसं, आन गेल्या पौषात रोज संध्याकाळी अण्णाच्या ओसरीवर बसून मालवण बरं का कारवार बरं म्हणून भांडायलो होतो.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, लिंबाजी. धनगराचं घर आमचं, पर मेंढरं आज्याच्या काळातच संपली. अण्णा आचारी झाला. नवसाचं बकरं कापून गावजेवण घालतात, आमच्याकडं त्याला कंदुरी म्हणतात. भालकीपासून कमलनगरपर्यंत कोणाची कंदुरी असली की अण्णाला बोलावणं यायचं. कांदा कोणी बी चिरू दे, मसाला कोणी बी वाटू दे, मिठाला मात्र दुसऱ्याचा हात लागू द्यायचा न्हाई. रस्सा तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचा आन मग मूठ सोडायचा. पंगत बसली की समोरच्याकडं बघून नुसत्या भुवया उडवायचा. म्हणजे, मीठ कसं हाय? समोरच्यानं मान हलवली की गडी खुश.

त्याच जिभेला रोग झाला. तंबाखू, दुसरं काय. त्या चुन्याच्या डबीला मी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या दुश्मनाला बी घातल्या न्हाईत, पर ऐकतंय कोण? कलबुर्गीच्या डॉक्टरानं सरळ सांगितलं, जीभ सगळी काढावी लागंल, न्हाई काढली तर माणूस राहत न्हाई. पुढं बोलणं बंद आन जेवण नळीनं. आपरेशनची तारीख अमावास्येनंतरची मिळाली. अण्णा, त्याची बायको नागूवैनी आन मी माघारी निघालो. वैनी भालकीत उतरली, बहिणीकडं जाऊन उद्या येते म्हणाली. ती गेल्यावर अण्णा मला म्हणाला, "म्हाळसे, त्याच्या आधी एकदा समुद्राकाठी बसून पोटभर मासे खायचेत मला."

दवाखान्यात बसून बसून त्यानं मोबाइलवर तेच बघितलं होतं. केळीच्या पानावर मासा, बाजूला गुलाबी सोलकढी, मागं पाणीच पाणी. जगाला मटण करून घातलेला माणूस, आन स्वतःसाठी आयुष्यात हे एवढंच मागितलं त्यानं. मी तिथंच ठरवलं की कायबी होवो, ह्याला न्यायचंच.

मग सुरू झाली वादावादी. अण्णाची लेक पल्लवी, जावई श्रीशैल, मी आन नागूवैनी. श्रीशैल कमलनगरहून खेड्यापाड्याला जीप चालवतो, गाडी त्याचीच, म्हणून आवाज बी त्याचाच मोठा. तो म्हणायचा कारवार. आपलंच कानडी राज्य हाय, गर्दी न्हाई, रवा लावून तळलेला मासा मिळतो, शिंपल्यांचं सुकं मिळतं. मी म्हणायची मालवण. कमलनगरच्या स्टँडापुढं माझी खानावळ हाय, चार मुलखाची माणसं जेवून जातात. एका कोकणातल्या मास्तरानं मला सांगितलं होतं, तिकडं खोबऱ्याच्या रसात मासा शिजवतात आन सोलकढीनं तोंडाची आग जाते. अण्णाच्या तोंडात फोड झालेले, भाकरी दुधात कुस्करून खायला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. तिखट कुठं कमी, एवढाच सवाल होता. पल्लवी बिचारी दोन्हीकडच्या लॉजवाल्यांना फोन लावून तेच इचारायची, माझ्या वडलांना तिखट चालत न्हाई, करून द्याल का.

वैनीचं मात्र मला काही कळायलं नव्हतं. मालवण ठरत आलं की ती म्हणायची, घाट हाय, ह्यांना गाडी लागती. कारवार ठरत आलं की म्हणायची, तिथं आपलं कोण हाय, ताप आला तर कुठं पळायचं. आज हे, उद्या ते. एकदा तर म्हणाली की धरणावरचा मासा आणून घरीच खाऊ. मला लई राग आला. मी तोंडावर म्हणलं, वैनी, तुला त्याचं खाणं बघवायलं न्हाई का? ती उठून चुलीपुढं जाऊन बसली. तारीख जवळ यायली होती आन आम्ही ओसरीवरच होतो.

शेवटी अण्णानंच मिटवलं. जड जिभेनं एकेक शब्द सोडत म्हणाला, "कानडीत मी जन्मभर सौदा केला, बाजार केला. जेवायला मात्र मराठीतच मागत आलो. शेवटचं मागणं बी मराठीतच मागतो. मालवणलाच चला."

श्रीशैलनं जीप धुवून आणली.

मालवणात पोचलाव तवा दुपार होती. किनाऱ्याला लागून एका बाईचं घर, अंगणात बाकडी टाकून ती जेवण घालायची. समुद्र बघून पल्लवी रडली. मला बी भरून आलं, पर मी पदर खोचला आन अण्णाला सावलीत बसवलं. आम्हाला कोणाला बोलू दिलं न्हाई त्यानं. स्वतः सांगितलं, सुरमई द्या, तिखट कमी, रस्सा वाढीव, आन सोलकढी. बाईला काही उमजलं न्हाई. तिनं परत इचारलं. त्यानं परत पहिल्यापासून सगळं सांगितलं, रागावला न्हाई, उलट हसायलाच लागला. बोलून मागायची हौस फेडून घ्यायला होता माझा भाऊ.

ताट आलं. पांढऱ्या रश्शात सुरमईचा जाडजूड तुकडा, वर वाफ. अण्णानं नेहमीसारखं डोळे मिटून वास घेतला आन हात पुढं केला. तेवढ्यात वैनीनं ताटावर पंजा ठेवला.

"खाऊ नका," ती म्हणाली. "मी मैलारला बोलून आलेय."

मग सगळं बाहेर आलं. ज्या दिवशी डॉक्टरानं सांगितलं, त्या दिवशी भालकीत उतरून ती बहिणीकडं गेलीच नव्हती, मैलारच्या खंडोबाला गेली होती. कपाळाला भंडारा लावून बोलली होती, आपरेशनमधून माणूस जिता घरी येईपर्यंत त्याच्या तोंडाला मटण-मासा लागणार न्हाई. जिता आला तर बकरं देईन. आम्हाला सांगितलं न्हाई, कारण देवाला बोललेलं आधी फोडायचं नसतं. तिला वाटलं, हे असंच भांडत बसतील आन तारीख येईल. म्हणूनच ती कधी घाट सांगायची, कधी ताप सांगायची. आमचं भांडण विझू नये म्हणून दोन्हीकडून सरपण घालत होती बया.

माझं डोकंच फिरलं. मी नको नको ते बोलले. देवाला बोलायचं होतं तर स्वतःच्या तोंडाचं बोलायचं, दुसऱ्याच्या कामून? तुला काय अधिकार? असं बरंच काही. वैनीनं पंजा काढला न्हाई. रस्सा गरम होता, तिची बोटं लाल झाली. श्रीशैल म्हणाला की देवाची माफी मागू, देव काय आईबापापेक्षा कठोर असतो का? पल्लवी बापाचा हात धरून बसली.

 अण्णानं वैनीचा हात उचलून बाजूला केला, स्वतःच्या धोतराला पुसला आन ताट माझ्याकडं सरकवलं.

मी म्हणलं, अण्णा, तू खा, देवाचं मी बघते. तो म्हणाला, "मी खाल्लं आन काही इपरीत झालं, तर ह्याचा काटा हिच्या घशात जन्मभर राहील. तू खा. मीठ कसं हाय तेवढं सांग मला."

काय सांगू, असा घास वैऱ्यावर बी येऊ नये. मी खाल्लं. तो माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होता, मी चावलं की त्याचा बी जबडा हलायचा. मी सांगत गेले. मऊ हाय, अण्णा, लोण्यासारखा तुटतोय. काटा मधी एकच. खोबरं गोड हाय, मागून जराशी आंबूस चव येती. मीठ कणभर जास्त हाय. त्यावर तो हसला, म्हणाला, एवढ्या पाण्यात राहिलाय, असणारच. सोलकढी तेवढी चालत होती. ती त्यानं वाटी वाटी मागून घेतली, आन दर वेळी स्वतः बोलून मागितली.

माघारी येताना मी वैनीशी बोलले न्हाई. आपरेशन झालं. दवाखान्यात तिच्याशेजारी बसून रात्री काढल्या, तरी बोलले न्हाई. अण्णा वाचला. डॉक्टर म्हणाला, सगळं निघालंय. वैनी म्हणाली, देवानं ऐकलं. मी मनात म्हणलं, ऐकलं असंल, पर त्याची जीभ घेऊन ऐकलं.

चैत्रात नवस फेडला. बकरं कापलं, आमच्याच खळ्यात हंड्या चढल्या. अण्णा नाकात नळी घालून चुलीजवळ बसला होता, सवयीनं. जाळ मागं-पुढं करायला हातानं खुणावत होता. भावकीतल्या पोरांनी स्वयंपाक केला. पंगत बसली, सगळ्यांना वाढून झालं, तरी कोणी घास उचलंना. आमच्यात ज्याच्यासाठी नवस, त्यानं पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. हे सगळ्यांना माहीत होतं, आन एवढे दिवस कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वैनी सवयीनं ताट घेऊन अण्णापुढं गेली, आन तिथंच थबकली. सगळं गाव खाली मान घालून बसलं. 

अण्णानं ताटातला एक तुकडा उचलला, रश्शात बुडवला आन वैनीच्या तोंडात घातला. तिच्या तोंडाला बी त्या दिवसापासून मटण लागलं नव्हतं, हे मला नंतर पल्लवीनं सांगितलं. ती चावायला लागली. अण्णानं भुवया उडवल्या.

वैनीनं घास गिळला. "मीठ बरोबर हाय," ती म्हणाली.

अण्णा खुश झाला. मग पंगत जेवायला लागली. मी पहिला घास घेतला आन हात तसाच राहिला. हंडीत मिठाचा खडा सुद्धा पडलेला नव्हता. पोरांना वाटलं, काका चुलीजवळ बसलाय म्हणजे मीठ त्यानं टाकलं असणार. जन्मभर तोच टाकत आला होता. आता कशाच्या भरवशावर टाकणार होता तो?

मी वैनीकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. अण्णा एकेकाकडं बघून भुवया उडवत पंगतीतून फिरायला होता आन ज्याच्यापुढं जाईल तो मान हलवत होता. माझ्यापुढं आला. मी बी हलवली. सगळ्या गावानं ते अळणी मटण ताट पुसून खाल्लं, कोणी मीठ मागितलं न्हाई. हात धुवायला उठले तवा वैनी तांब्या घेऊन उभी होती. मी तिच्यापुढं हात धरले आन म्हणलं, घाल वैनी पाणी.