दिपमालाच्या नावाची मूठ

ताईबाईने लेकाच्या, प्रेमराजच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकले आणि हात झटकले.

"मनी ऱ्हायनी, माय," दिपमाला म्हणाली.

"तुना नावनी यंदा नही."

कानबाई देवीच्या नैवेद्याला जे रोट करतात, त्यांच्यासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. लग्न होऊन आल्यापासून दिपमालाची मूठ कधी चुकली नव्हती. चोपड्यातल्या त्या घरात माणसं तीनच, त्यामुळे कोण वगळलं गेलं ते लपत नव्हतं.

कारण रव्याच्या डब्यात सापडलं होतं. दिपमालाने लपवलेली गोळ्यांची बाटली. ताईबाईने ती पदराखाली झाकून औषधाच्या दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "एचआयव्हीची गोळी आहे अक्का ही." एवढंच म्हणाला. पुढचं सांगायला त्याला सवड नव्हती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

पुढचं असं, की रोग प्रेमराजला होता. तो केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे जायचा. त्याच्या गोळ्या ट्रकच्या केबिनमध्ये असत आणि ताईबाई काही तिथे चढत नसे. दिपमालाच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. नवऱ्याच्या रक्तातला विषाणू औषधांनी पुरता दबेपर्यंत तिला लागण होऊ नये, म्हणून डॉक्टरांनी तिलाही रोज एक गोळी दिली होती. सासूला हे समजावणं अवघड नव्हतं. पण त्यासाठी आधी रोग कुणाला आहे ते सांगावं लागलं असतं, आणि "मायले सांगू नको" असं वचन प्रेमराजने तिच्याकडून घेतलं होतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो ओट्यावर बसून बूट पुसत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आन माय, मी दळी आनस," म्हणत त्याने गहू डब्यात ओतले आणि चक्कीकडे निघून गेला. एवढा मोठा ट्रक चालवणारा माणूस, पण पळायला त्याला पायही पुरले. दिपमालाला त्याचा फार राग आला.

रविवारी कानबाई बसली. आरती झाल्यावर ताईबाईने दोनच ताटं वाढली. रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. त्या दिवशी घरात दुसरं काही शिजत नाही, म्हणजे दिपमाला उपाशीच राहणार होती.

प्रेमराजने घास मोडला, तो हातातच राहिला.

"रोग माले शे, माय," तो ताटाकडे बघत म्हणाला. "तिले काही नही. तिले व्हवू नही म्हनीसन ती गोळी खास."

ताईबाईने लेकाकडे पाहिलं. सुनेकडे मात्र तिला बघवेना. तिने आपल्या ताटातला रोट उचलून दिपमालापुढे धरला.

"त्यामा मना नावना गहू नही," दिपमाला म्हणाली. आवाज चढवला नाही.

ताईबाई उठली. कोठीतून सव्वा मूठ गहू काढले. चक्की बंद होती. तिने खाटेखालचं जातं ओढलं, पुसलं आणि एकटीच दळायला बसली. गुडघे दुखत होते. डोळ्यांतलं पाणी पिठात पडू नये म्हणून ती मान वळवून खुंटा फिरवत होती.

"ऱ्हाऊ दे, माय," प्रेमराज म्हणाला. तिने ऐकलं नाही.

एरवी दिपमाला धावली असती. त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली आणि पीठ पडताना बघत राहिली.