तांदळातलं नाव

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून कासारवाडीतल्या त्या खोल्यांपुढं दोरीवर कंपनीचे गणवेश डुलत होते. कस्तुरा उंबऱ्यात वाटाणे सोलत बसली होती आणि तिच्यापुढं स्नेहल प्रबंधाचे कागद मांडून. पुनावळ्याची ही मुलगी वर्षभर चाकणच्या कंत्राटी बायकांशी बोलत होती. दर काही महिन्यांनी त्यांना ‘ब्रेक’ देतात, घरी बसवतात, मग नव्यानं कामावर घेतात. म्हणजे कुणी कायम व्हायला नको. कायदा काय सांगतो आणि गेटवर काय घडतं, हाच तिचा विषय. छापण्याआधी जिचं बोलणं तिला वाचून दाखवायचं, हा तिचा नेम.

“सुनंदा म्हणते,” तिनं वाचलं, “ब्रेक मिळाला की हात मोकळे होतात, पण जीव गाठीत राहतो.”

कस्तुराच्या बोटांत शेंग तशीच राहिली. “ही कोण सुनंदा?”

“तुम्हीच, ताई. नाव बदललंय.”

“जीव माझा गाठीत, अन् बोलायली ती?”

स्नेहल समजावू लागली. खरं नाव छापलं आणि ठेकेदाराच्या कानावर गेलं, तर पुढच्या ब्रेकनंतर बोलावणंच यायचं नाही. विद्यापीठाची समितीसुद्धा नावं झाकायलाच लावते. कस्तुराला सगळं पटत होतं. काम सुटलं तर लेकीची, पिंकीची शाळा अडणार, हेही कळत होतं. तरी मन काही बसेना.

“तुझं खरं हाय गं. पण किती डाव पुसायचं मला? लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं. मांडवात बसले ती वेगळी, उठले ती कस्तुरा. आता तू पुस.”

आत शर्टाला इस्त्री करणारा तिचा नवरा ज्योतीराम म्हणाला, “मी कुठं ठरवलं? आत्यानं कानात सांगितलं ते गिरवलं. त्यातबी निम्म्यावर ताट हललं.”

“ताट न्हाई, तुमचा हात हलला,” कस्तुरा म्हणाली. दोघंही हसली.

स्नेहल मात्र हसली नाही. “आधी काय होतं नाव?”

“गोदावरी. सासूबाईंचंबी तेच. सासूच्या नावानं सुनेला हाक कशी मारणार? म्हणून बदललं.” कस्तुरानं टरफलं बाजूला सारली. मग हळूच, मशीनवर काम करताना कधीतरी जुळवलेलं तोंडातल्या तोंडात म्हणाली,

“बया बोलवी गोदूबाई, अंगण सारं ऐकं
परक्या गं गावामंदी, नाव माझं झालं मुकं.”

पलीकडून लोणावळ्याची गाडी गेली. तिचा आवाज विरताच स्नेहलनं विचारलं,

“ताई, इथं कुणाला ठाऊक आहे हे नाव?”

“कुणालाच न्हाई. गेटपासवर कस्तुरा, आधारवर कस्तुरा. पिंकीलाबी ते आज्जीचंच वाटतं.”

स्नेहलनं तिथूनच आपल्या मार्गदर्शक मॅडमना स्पीकरवर फोन लावला आणि सुनंदाऐवजी गोदावरी चालेल का, विचारलं. मॅडमनी खोदून खोदून विचारलं. कस्तुरा फोनकडं अशी बघत राहिली, जणू आत तिचाच निकाल लागतोय.

“गावाचं नाव गाळ, जिल्हाही गाळ,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “मग माझी हरकत नाही. समितीला मी सांगते.”

स्नेहलनं पेन काढलं. जिथं जिथं सुनंदा होती तिथं काट मारून वर गोदावरी लिहिलं आणि पुन्हा वाचायला घेतलं. “गोदावरी म्हणते…”

कस्तुरा मान खाली घालून ऐकत होती. ज्योतीरामनं इस्त्री बंद केली आणि तोही दाराशी येऊन बसला.

“थांब,” कस्तुरा मध्येच म्हणाली. “ब्रेकात मी एकटी घरी बसते, असं लिहिलंस.”

“तुम्हीच सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं, भीत होते म्हणून. मागच्या ब्रेकला आमी साऱ्याजणी ह्याच खोलीत जमलो होतो. वकीलबाईकडंबी जाऊन आलो. सगळ्यांच्या सह्या झाल्या, की कायम करा म्हणून अर्ज देणार हाव.”

ज्योतीराम बायकोकडं बघत राहिला. “मला तर भिशी म्हणालीस.”

“चहा तर तुमीच केला होता साऱ्याजणींना.”

स्नेहलनं जपून विचारलं, “हे लिहू? माझं छापून होईपर्यंत तुमचा अर्ज गेलेला असेल. तरी तुम्ही सांगाल तसं.”

“लिही. पण नीट लिही, गाळू नको काही.” कस्तुरानं वाटाण्याचं ताट ज्योतीरामच्या मांडीवर सरकवलं, सतरंजीवर स्नेहलच्या शेजारी सरकून बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.