काळा डाग आणि पिवळा डाग

वावाऊ बेटावर चर्चमागच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. दोन दिवस पोटावर बांधलेला, झाडाची साल कुटून केलेल्या कापडाचा तुकडा घेऊन बायका रांगेत उभ्या. सेकोपे वैदू तुकड्यावर तांबूस पाण्याचा थेंब सोडायचा. बघता बघता थेंब काळाकुट्ट!

“काळं काळं, बाहेर ये, सागराच्या पोटात जा!” सेकोपे डोळे मिटून गायचा. “बाई, हे तुझ्या कुशीतलं किडकं रक्त.” मग करवंटीतलं पाणी शिंपडलं की काळं गायब. भरतीच्या लाटेसारखा हुंकार उठायचा.

लुपेच्या तुकड्यावरही डाग आला आणि गेला. तिचे डोळे भरून आले. आठवड्यापूर्वी डॉक्टर सेइनीने दुर्बिणीतून तिच्या गर्भाशयाचं तोंड तपासून दहापैकी आठ गुण दिले होते. शाळेत कधी चारच्या वर न गेलेली लुपे क्षणभर हरखली होती.

“ही परीक्षा उलटी आहे, लुपेताई,” सेइनी म्हणाली होती. “गुण जास्त तितकी काळजी जास्त. कर्करोग दिसत नाही, पण सोडून दिलं तर पुढे होऊ शकतो. गुरुवारी या. शुक्रवारच्या बोटीने मी परत जाते.”

“दवाखान्यात गेलीस तर काळं परत येईल,” सेकोपेने बजावलं.

लुपे तडक आत्याकडे गेली. त्या बेटावर आत्याचा शब्द बापाच्याही वर. हेलेइने आत्या कापडासाठी सालीच्या पट्ट्यांना कसाव्याच्या कंदाची खळ लावत बसली होती.

“आत्या, मी बरी झाले. गुरुवारी जात नाही.”

“बरी झालीस? मग मीही होऊन येते की!”

बुधवारी शेडमध्ये आत्याने सेकोपेपुढे तुकडा केला. थेंब पडला, काळा झाला.

“अरेरे! म्हातारीच्या कुशीत केवढं किडकं!”

“माझ्या नव्हे रे बाबा. हा तुकडा माझ्या नवऱ्याच्या पोटावर होता. अहो, उभे राहा! एकसष्टाव्या वर्षी तुम्हाला गर्भाशय उगवलंय म्हणे!”

आत्याच्या नवऱ्याने, मोसेसेने, दोन्ही हातांनी पोट झाकलं. शेड हास्याने डोलली. आत्याने टोपलीतला उकडलेला कसावा काढला आणि सेकोपेच्याच पाण्याचा थेंब त्यावर टाकला. तोही काळा!

“आता याचं बाळंतपण करतोस?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्या कापडाला कसाव्याची खळ त्यांनीच तर लावली होती.

गुरुवारी आत्या लुपेला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. आत्याने सोबत आणलेलं वैदूचं पाणी सेइनीने हुंगलं. “हे जखमेवर लावायचं आयोडीन. खळीवर पडलं की काळं होतं. करवंटीत लिंबाचा रस, त्याने ते काळं जातं.”

आत्याने टेबलावरची सेइनीची बाटली हुंगली. “पण पोरी, तुझ्या बाटलीतही आयोडीनच! तुझं का खरं मानायचं?”

सेइनी हसली. “बरं विचारलंत. निरोगी जागेत साखरेचा साठा असतो, ती गडद तपकिरी होते. बिघडलेल्या जागेत तो नसतो, ती पिवळी राहते. पण एवढ्यावरच मी भागवत नाही. व्हिनेगर लावल्यावर जागा किती पांढरी होते, कडा कशा, रक्तवाहिन्या कशा, डाग केवढा, हेही बघते. पाच गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते दोन. शिवाय कणभर तुकडा काढून तपासायला पाठवणार. माझं चुकलं असेल तर तिथे कळेल.”

चुकलं असेल! लुपे त्या शब्दापाशी थांबली. सेकोपे कधीच चुकत नव्हता.

“मला दाखवा,” ती म्हणाली.

दुर्बिणीला जोडलेल्या पडद्यावर तपकिरी गोलात नखाएवढा पिवळा डाग होता. तिचा स्वतःचा, कापडावरचा नव्हे. सेइनीने कणभर तुकडा काढून घेतला, मग बिघाड पुढे वाढू नये म्हणून तेवढी जागा तापलेल्या टोकाने जाळून टाकली. लुपेने आत्याचा हात घट्ट धरला होता. थोडं दुखलं, मग सरलं.

बायांनो, दुखण्याला लाज नसते आणि मंत्राला डोळे नसतात. जो स्वतःची चूक शोधायची सोय ठेवतो, त्याच्याकडे जा. वेळेत जा.