दसऱ्याचं कुंकू

"काका, काल हा डाग एवढा नव्हता हो! सोमवारी पाहुण्यांना काय दाखवू मी?"

स्वातीताईंनी काच पुंडलिकपुढे धरली. बोईसरच्या या कारखान्यात तो अकरा वर्षं काचा धूत होता. कधी साधा ओरखडा पडू दिला नव्हता.

स्वातीताईंची ती काच म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनसारखा, तळहाताएवढा पडदा. त्यावर क्वांटम डॉटचे उजळणारे बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याखाली एक ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टरने नळासारखी बेताने वीज सोडायची, ठिपक्याने तेवढंच उजळायचं. ही जोडी जमवता जमवता ताईंची तीन वर्षं गेली. छत्तीस काचा फुकट गेल्या, सदतिसावी हिरवीगार पेटली. पैसा लावायला येणाऱ्या पाहुण्यांना ती पटली तर ताईंचा विभाग टिकणार, नाहीतर कुलूप!

आणि नेमकी तीच पुंडलिकने नासवली होती.

दसऱ्याला सगळ्या यंत्रांना झेंडू, कुंकू लागलं. ही एकटी मात्र हवाबंद पेटीत तशीच राहिली. त्याला राहवेना. पेटी उघडली, हातमोजा काढला, करंगळीशेजारच्या बोटाने कोपऱ्यावर कुंकू टेकवलं आणि लगेच पुसलं. कोपरा कोरा असेल अशी त्याची समजूत. पण ठिपके तिथवर होते. दुसऱ्या दिवशी ताईंनी वरून झाकणकाच चिकटवली, आणि बोटाचा ओलावा आतच कोंडून एकेक ठिपका विझवू लागला.

तेवढ्यात कारखान्याचे मालक कुशलशेठ आत आले. डाग पाहून भडकलेच. "रजिस्टरवर सही तुमची आहे ना, मॅडम? मग नोकरीही तुमचीच जाणार."

पुंडलिकला उमरोळीचं घर आठवलं. लेक तेजलच्या नर्सिंगची दोन वर्षं बाकी होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण कामावर घेतो? गप्प राहिलं तर कुणाच्या बापाला कळणार होतं?

"शेठ, ताईंचा दोष नाय. कुंकू मी लावलं."

"कुंकू? काचेला? डोकं ठिकाणावर आहे का? उद्यापासून येऊ नका!" शेठ ताईंकडे वळले. "आणि सोमवारी मला दुसरी काच पाहिजे."

"नऊ दिवस लागतात, सर."

शेठ ऐकायला थांबलेच नाहीत.

"का हो केलंत, काका?"

"सगळ्यांना लागलं, ताई. हिलाच नाय, म्हणजे रुसली असती. तुमची तीन वर्षं हायत तिच्यात."

ताई तोंड फिरवून रडू लागल्या. त्याने हातमोजे धुऊन वाळत घातले, डबा उचलला.

फाटकाशी हजेरीचं यंत्र होतं. पूर्वी उघड्या हातांनी काचा धुऊन अंगठ्याच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या, म्हणून त्याचं करंगळीशेजारचं बोट नोंदवलेलं. त्या नखात अजून कुंकवाची लाली होती. त्याने बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला.

"थँक यू," यंत्र रोजच्यासारखंच म्हणालं.