पावडरच्या डब्यातलं मीठ

माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते आणि मग सारं घर गरगर फिरतं. डॉक्टर म्हणाला, "आजी, हा मेनियरचा आजार. मीठ अगदी कमी करा." सूनबाईनं त्याच दिवशी मिठाची बरणी कुलपात ठेवली आणि वर ऐकवलं, "आई, पुन्हा चक्कर आली तर स्वयंपाकघर मी सांभाळीन."

चाळीस वर्षांचं माझं राज्य, आणि ही सांभाळणार! आली तेव्हा हिला अंडं उकडता येत नव्हतं.

मी शेजारणीकडून वाटीभर मीठ आणलं आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात भरलं. रोज ताट घेऊन खोलीत जायचे आणि भाजीवर भुरभुरवायचे. सूनबाईला वाटे, सासू रुसली.

परवा आमच्या ह्यांनी दाढी केली आणि तोच डबा गालांवर उपडा केला.

"अगं, ही पावडर चावते!" हे खोलीभर नाचायला लागले.

सूनबाईनं बोटानं चाखून पाहिलं. "आई, हे मीठ आहे."

"हल्ली भेसळ फार," मी म्हटलं. तेवढ्यात शिट्टी वाजली, भिंती फिरल्या आणि मी सुनेच्याच गळ्यात पडले. तिनं मला अलगद बसवलं आणि विचारलं, "आता स्वयंपाकघर कुणाचं?"

"माझंच," मी डोळे मिटूनच म्हटलं. "आणि आजपासून तिथे सगळ्यांनाच अळणी मिळेल."

"मी काय केलं?" हे गाल चोळत म्हणाले.

"तुम्ही महिन्याभराचं मीठ आत्ताच लावून घेतलंत."