आधी मनगट धरा

मी लाकडी नळी बोलतेय. वीतभर लांबी, एका टोकाला पोटावर टेकायचं पसरट तोंड, दुसऱ्या टोकाला कान लावायची चकती. मला वीज लागत नाही. ऐकणाऱ्याला अक्कल लागते.

सुताराने मला अखंड लाकडातून कातलं आणि पुढची तीस वर्षं मी प्रसूतीच्या खोलीत मोठ्या सिस्टरांच्या खिशात काढली. बाई दारातून आत आली की आधी तिच्या पोटावर मी, मग नाव-पत्ता. सिस्टरांची एक खोड होती: कान माझ्यावर, बोटं आईच्या मनगटावर. दोन्ही ठोके वेगळे लागले, तरच बाळाचे मानायचे.

मग बाळाचे ठोके मोजणारं मशीन आलं. मी जन्मभर कानाशी राहिले आणि हे कानामागून येऊन तिखट झालं. मला बोथट कात्र्यांच्या खणात टाकलं. राग आला, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी एक बाई आली, घामाने डबडबलेली. सोबत तिची आई. नव्या नर्सने मशीन टेकवलं. टकटक, टकटक.

"एकशे वीस. बाळ मजेत आहे हो, आजी."

"मजेत असलेलं सकाळपासून हललं कसं नाही?" आजी म्हणाली.

मोठ्या सिस्टर जाता जाता थबकल्या. त्यांनी बाईचं मनगट धरलं, कान मशीनकडे ठेवला. एकही ठोका मागेपुढे नाही.

"हे आईचेच ठोके आहेत, पोरी, कळांनी वाढलेले. माझी नळी काढ."

खण अडकला होता. दोन हिसक्यांत उघडला. मी पोटावर टेकले. काहीच नाही. सिस्टरांनी मला दोन बोटं खाली सरकवून दाबलं. मग लागला. ठक्. मग पुढचा, किती वेळाने. सिस्टर घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजत राहिल्या. आजीने पलंगाचा दांडा सोडला नाही.

"सत्तर. बाळाचे निदान एकशे दहा तरी हवेत. डॉक्टरांना बोलव. ऑपरेशनला घ्यायचंय, आत्ता."

बाईला नेलं. धावपळीत मी फरशीवर पडले, कडेचा टवका उडाला. आजवर सगळ्यांच्या आधी मला कळायचं. आता आजीबरोबर मीही ताटकळत होते.

भिंतीपलीकडून रडणं आलं. ते ऐकायला नळी लागत नाही.

हल्ली मी मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगलेली असते. त्या नव्या नर्सनेच टांगलंय. मशीन खुशाल लावा, बायांनो, माझं भांडण नाही. पण लावण्याआधी आईचं मनगट धरा. ती पोरगी आता न चुकता धरते. माझ्याकडे बघतही नाही. मला चालतं.